टाकी पाडली तेव्हा

नवीन पनवेलमधल्या त्या सरकारी कार्यालयाच्या इमारतीला सगळे 'टाकी' म्हणत. प्लास्टर नाही, रंग नाही, नुसतं करडं काँक्रीट, तेही जाड खांबांवर उचलून धरलेलं. बांधली तेव्हा पेपरात कौतुक आलं, पनवेलकरांनी मात्र नाकं मुरडली. ती सरकारने घेतलेल्या आमच्या भाताच्या शेतावर उभी होती, त्यामुळे आमच्या घरात तिला टाकीपेक्षा वाईट नावं होती. आबा, म्हणजे माझे वडील, तिच्यासमोरून जाताना तोंड फिरवायचे. काम पडलं तरी स्वतः आत जायचे नाहीत, मला, त्यांच्या धाकट्या लेकीला, पाठवायचे.

मग ती पाडून तिथे काचेचा टॉवर करायचं ठरलं. मुंबईचे काही आर्किटेक्ट ती वाचवा म्हणून सह्या गोळा करत आले. आमच्या आळीत त्यांना कुणी चहासुद्धा विचारला नाही. टॉवरचं काम मिळालं माझ्या थोरल्या, बिल्डर झालेल्या भावाला. त्यात नवल नाही. आमच्याकडे स्वतःची जमीन गेली, की माणूस दुसऱ्याच्या जमिनींचे व्यवहार बघायला लागतो.

पाडकामाचा नारळ आबांनी फोडला. त्यांना इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. भावाकडे त्यांनी एकच मागणं घातलं: टाकी निघाली की पावसाळाभर जागा तशीच ठेव, मला एकदा भात लावू दे. भाऊ 'बरं' म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं. आबांनी मात्र बियाणंसुद्धा आणून ठेवलं.

राडारोडा उचलला, खालची फरशी निघाली आणि जमीन दिसली. सगळा भार खांबांवर होता, म्हणून मधली जमीन बरीचशी जशीच्या तशी राहिली होती. आबा चपला काढून आत उतरले. एका जागी थांबून, इथे आपला बांध होता, म्हणाले.

आठवड्याभरात पोकलेन आले. पार्किंगचे तीन मजले जमिनीखाली जाणार होते, आणि भावाच्या भागीदारांना पावसाळाभर थांबायला सवड नव्हती. डंपर भरभरून आमची काळी माती गव्हाण गावाच्या बाजूला कुणाच्यातरी खाडीकाठच्या खाजणात भरावाला गेली. आबा पत्र्याच्या कुंपणाशी उभे राहून बघत होते. मला भावाचा इतका राग आला, की त्याच्याकडे बघवेना. तो आबांची समजूत काढायला आला, म्हणाला, टॉवरला तुमचंच नाव देऊ.

आबांनी खड्ड्यावरची नजर काढली नाही.

"त्या टाकीवाल्यांनी माती तरी ठेवली होती रं," ते म्हणाले. "तू तं तीपन नेलीस."