नऊ हजार आरपीएम आणि दोन कावळे

मंडळी, जर्मन टर्बोवाली चांगली की जुनी जपानी टू-सीटर, असं तुम्ही विचारलं होतं. म्हणून सकाळी मित्राची जपानी घेतली आणि छत उघडून गंगापूर धरणाकडे निघालो.

जर्मन गाडी पाय ठेवताच जोर देते आणि आवाज फार करत नाही. ही मात्र सहा हजार आरपीएमपर्यंत नुसती कुरकुरते आणि नऊ हजाराला किंचाळते. मी तिला चार वेळा किंचाळायला लावलं. चौथ्यांदा नदीवरच्या लहान पुलावर.

पुलापलीकडे फोटो काढायला थांबलो, तर खाली घाटावर कुणाचा तरी दहावा चालला होता. पिंड ठेवून सगळे लांब उभे होते.

एक आजोबा म्हणाले, "आत्ता दोन कावळे बसले व्हते. कशानं उडाले काय माहीत."

मला माहीत होतं.

मुलगा हात जोडून म्हणत होता, "आई, ताईला अंतर देणार नाय. शिव आता." कावळा काही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मुलगा रडत बहिणीला विचारत होता, "आईचं काय राहिलं असंल गं?"

मी खिशात किल्ली धरून उभा राहिलो आणि तसाच निघून आलो.

रिव्ह्यू एवढाच, की जर्मन गाडी नेली असती तर कावळे उडाले नसते.

आता त्यांचं घर शोधून सांगू का, की दादा, तुमच्या आईचं काहीच राहिलं नव्हतं?