कुलसुम होडेकर इंदूरला गेली नव्हती

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावच्या कुलसुम होडेकरने चव्वेचाळीस वर्षांत राजापूर, रत्नागिरी आणि दोनदा मुंबई, एवढंच पाहिलं होतं. म्हणून कंपनीचं पत्र आलं तेव्हा तिने ते तीनदा वाचलं.

अकरा तारखेला सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी तिच्या नावाने पुण्यातून काम सुरू झालं, आणि दहा वाजून चार मिनिटांनी तिच्याच नावाने इंदूरहून हजेरी लागली, असं पत्रात म्हटलं होतं. तिने आपला पासवर्ड दुसऱ्या कुणाला दिला आहे, हे यावरून उघड होतं. तसं मान्य करून खाली सही करावी, या वेळी नुसती समज देऊन सोडण्यात येईल.

कुलसुम आधी राजापूरच्या टायपिंग क्लासात शिकवायची. क्लास बंद पडल्यावर पुण्याच्या एका कंपनीत तिला घरबसल्या काम मिळालं. हॉस्पिटलची बिलं तपासायची, विम्याच्या अर्जाशी ताडून पाहायची. घराच्या भिंती जाड जांभ्याच्या, आत रेंज येत नाही. म्हणून फोन खिडकीत ठेवून त्याच्या इंटरनेटवर ती लॅपटॉप चालवायची. चार वर्षांत तिच्या कामात कुणी खोट काढली नव्हती.

तिचा नवरा हमीद सोळा वर्षं कुवेतला होता, आता बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने पत्र वाचलं आणि तो म्हणाला, "सही कर आणि मोकळी हो गो. कुवेतला मी न वाचता किती कागदांवर सह्या केल्या. नोकरी टिकली ना?"

"तुम्हाला ते कागद वाचता येत नव्हते," कुलसुम म्हणाली. "मला हा वाचता येतो. म्हणूनच सही नाय करणार."

तिने कंपनीला दोन ओळी कळवल्या. मी पासवर्ड कुणाला दिलेला नाही. मी इंदूरला गेलेले नाही. उत्तर आलं की यंत्रणेची नोंद खोटी नसते आणि सहीसाठी वीस दिवसांची मुदत आहे.

मग ती शिकायला बसली. पुण्याचं कोडं लवकर सुटलं. कंपनीचं काम करताना व्हीपीएन चालू करावं लागे. व्हीपीएन म्हणजे तिच्या लॅपटॉपपासून पुण्याच्या सर्व्हरपर्यंतची बंदिस्त वाट. त्या वाटेने गेलेलं काम पुण्यातून आल्यासारखं दिसणारच. पण इंदूर कुठून आलं?

इंटरनेटवर आपला आयपी पत्ता, म्हणजे आपल्या जोडणीचा नंबर, दाखवणारी पानं असतात. तिने तसं एक पान उघडलं. व्हीपीएन बंद असताना एक नंबर आला, खाली गाव इंदूर. व्हीपीएन चालू करून पुन्हा पाहिलं, तर नंबर तोच आणि गावही तेच. सगळं पुण्यावरून जात असतं, तर नंबर बदलायला हवा होता.

पुढचे तीन दिवस तिने त्यातच घातले. लॅपटॉपवरून निघालेली माहिती कोणकोणत्या टप्प्यांवरून जाते हे दाखवणारी एक आज्ञा असते, ती तिने शोधून काढली. बिलांच्या सर्व्हरची वाट तपासली तर पहिलाच टप्पा कंपनीचा. हजेरीच्या पानाची वाट तपासली तर पहिला टप्पा खिडकीतला तिचाच फोन, पुढे मोबाइल कंपनी. हजेरीचं पान बाहेरच्या दुसऱ्याच एका कंपनीचं होतं, आणि कंपनीच्या व्हीपीएनमधून फक्त कंपनीचं काम जाईल अशीच मांडणी केलेली होती. राहिलं इंदूर. मोबाइल कंपनी हजारो ग्राहकांना मिळून एकच नंबर देते, आणि तो नंबर कुठल्या गावचा हे कुणीतरी अंदाजाने यादीत लिहिलेलं असतं. कुलसुमने फोन बंदचालू करून आठवडाभर टिपण ठेवलं. त्या आठवड्यात ती इंदूरला, अहमदाबादला आणि एकदा लखनऊला होती.

तिने व्हिडिओवर बैठक मागितली. आधी नकार आला. तिने रोज सकाळी तीच मागणी पाठवली. पाचव्या दिवशी बैठक मिळाली. कंपनीतर्फे दोघं होते, सुरक्षा बघणारा निहार आणि कर्मचारी विभागाच्या वेदिका मॅडम.

"आमचं सगळं व्हीपीएनमधूनच जातं," निहार म्हणाला. "हे तुम्हाला समजायला जरा अवघड आहे, मॅडम."

"मला समजलंय ते दाखवते. चुकलं तर थांबवा."

तिने पडदा दाखवला, दोन्ही वाटा, पहिल्या टप्प्यापासून. निहारने आपल्या लॅपटॉपवर दोन्ही वाटांची गावं पाहिली. मग म्हणाला, "पण माझ्याकडे तर दोन्हीकडे पुणेच येतंय."

"तुम्ही ऑफिसात बसलाय, ऑफिसच्या लाइनवर. वेदिका मॅडम, तुम्ही आज कुठून बोलताय?"

"घरून. हडपसरहून. फोनच्या इंटरनेटवर."

"मग आयपीचं गाव दाखवणारं पान जरा तुम्ही उघडून बघा, व्हीपीएन चालू ठेवून."

वेदिकाने उघडलं आणि गाव वाचलं. "दिल्ली."

"मग पासवर्ड तुम्ही कुणाला दिलात?" कुलसुमने विचारलं. आवाज चढवला नाही.

बैठक तिथेच संपली. चार दिवसांनी तिला दिलेलं पत्र मागे घेतल्याचं कळलं. पण कुलसुमला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. कामाच्या ग्रुपवर विचारल्यावर कळलं की हेच पत्र आणखी सात जणींना आलं होतं, आणि सगळ्यांनी घाबरून सह्या केल्या होत्या. त्यातली केळशीची वैष्णवी तिला फोनवर म्हणाली, "ताई, मी चोरी कबूल केलीय. आता कोण ऐकणार?"

"न केलेली चोरी कबूल केलीस. ते परत घे. कसं दाखवायचं ते मी सांगते."

कुलसुमने तिला आणि बाकीच्यांना एकेक पायरी मराठीत लिहून पाठवली. पाच जणींनी तपासून कंपनीला कळवलं, आणि त्यांच्या नावावरचे शेरे निघाले. दोघींनी आधीच नोकरी सोडली होती. त्यांना परत बोलावणं आलं नाही. कुलसुमने त्यांच्यासाठी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

कंपनीने हजेरीही व्हीपीएनमधून नेली आणि सगळ्यांना निरोप धाडला की तांत्रिक गैरसमजातून काही पत्रं गेली होती. हमीदने तो वाचून म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"नाय झालं," कुलसुम म्हणाली, आणि उत्तर लिहायला बसली. तिने लिहिलं, "गैरसमज यंत्राचा नव्हता. यंत्राने नंबर बरोबर नोंदवला होता. त्या नंबरावरून आम्ही खोट्या आहोत हे माणसांनी ठरवलं. तेवढं दुरुस्त करून निरोप पुन्हा पाठवावा." खाली तिने पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली गावाचं नाव, नाटे, तालुका राजापूर.