डबक्यात न खणणारा महिपती

पणदऱ्याच्या महिपतीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बारामतीच्या दवाखान्यात, ओरडत आत शिरताना. मी तिथे कंपाउंडर होतो. १९५४ चा श्रावण. खांद्यावर तापाने फणफणलेली आठ वर्षांची पोरगी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तोंडाने एकच धोशा, "गाठ बघू नका डाक्टर! हात बघा, हात!"

मी रागीट माणूस. तेव्हा तर फारच होतो. रांगेत बस म्हणून मी त्याच्यावर खेकसणार, तेवढ्यात आमचे डॉक्टर खुर्चीतून उठून थेट त्याच्यासमोर गेले. पेशंटसाठी उठलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं!

आता हा महिपती कोण ते आधी सांगतो, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. महिपती चर खोदायचा. कालव्याचं पाणी आमच्याकडे आलं, ऊस आला, आणि पाठोपाठ रानं चिबडायला लागली. पाटाचं पाणी जमिनीत झिरपतं, त्याला पुढे वाट मिळाली नाही की ते तिथेच साचतं आणि ऊस पिवळा पडतो. ते जादा पाणी काढून द्यायला चर लागतो. पाटासाठी लोक एकमेकांची डोकी फोडतील, पण चराकडे कुणी ढुंकून बघत नाही. महिपती मात्र चरातच रमलेला. मालक डबक्याकडे बोट दाखवायचा आणि हा पहार खांद्यावर टाकून भलतीकडेच, चढाला चालू लागायचा.

"आरं, पाणी हितं साचलंय, तू तिकडं कुठं निघाला?"

"हितं साचलंय, पर आलंय तिकडनं," एवढं बोलून हा गडी वर जाऊन अनवाणी पायाने माती चाचपत फिरायचा. डबक्यात त्याने कधी पहार मारली नाही. लोक हसायचे, आणि महिन्याभरात पाणी हटून रान वाफशावर आलं की गुमान त्यालाच पुन्हा बोलवायचे.

त्याची आई द्वारकाबाई. ही बाई डाग द्यायची. काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ आली की आमच्याकडे म्हणतात अवधाण आलं, आणि अवधाण आलं की पाच गावांतले लोक द्वारकाबाईकडे जायचे. विळ्याचं टोक लाल करून ती गाठीवर टेकवायची. तिने भाजलेल्या काखा धुऊन मी इतका विटलो होतो की तोंडही न बघता माझं तिच्याशी भांडण होतं. महिपतीला तिसरीही मुलगीच झाली तेव्हा तिचं नाव नकोशी ठेवलं, तेही हिनेच.

त्या वर्षीच्या नागपंचमीला ही आठ वर्षांची नकोशी बायकांबरोबर वारुळाला निघाली होती. पाय घसरला, हात बाभळीच्या कुंपणावर पडला आणि अंगठ्याच्या गादीत काटा घुसला. ओढला तर अर्धाच आला, टोक आतच मोडलं. तिच्या आईने सुई काढली तशी द्वारकाबाई कडाडली. पंचमीला चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि ही सुई टोचायला निघाली! महिपतीला तर त्या दिवशी खणायचं नाही म्हणून वर्षातली हक्काची सुट्टी. तो पाय पसरून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. उद्या काढू."

उद्या कसली! उजाडताच तो चरावर गेला. पोरगी सुईच्या भीतीने गप्प राहिली. तळहातावर मेंदी चांगली गडद रंगलेली, त्यात लाली दिसणार कुणाला? तिसऱ्या दिवशी काखेत लिंबाएवढी गाठ, अंगात ताप, आणि चुलीत विळा.

पुढचं मला महिपतीनेच सांगितलं, पन्नास वेळा तरी. पोरीला मांडीवर धरायला त्याला बोलावलं. द्वारकाबाई विळा घेऊन उभी. त्याने गाठीवर हात ठेवला, आणि त्याच्या मनात आलं, साचलंय हितं, पण आलंय कुठनं? कंपाउंडर, माझ्या अंगावर काटाच आला बघा, असं तो दर वेळी सांगायचा. त्याने काखेपासून बोटं खाली आणली. कोपराच्या वर एक लाल रेघ. ती रेघ धरून मनगट, मनगटावरून अंगठा. अंगठा दाबला तशी पोरगी किंचाळली.

"आये, विळा ठिव खाली. ही सगळी घान अंगठ्यातनं येतीया."

"मला शिकवतो व्हय रं? चाळीस वर्सं डागतीया मी!"

"चाळीस वर्सं डबक्यात पहार मारलीस तू!" आईला असं बोलायची त्याची ही पहिलीच वेळ. पोरीला उचलून तो निघाला, आणि कुणाच्या तरी बैलगाडीतून बारामतीला पोहोचला.

डॉक्टरांनी मेंदीखालचा अंगठा उघडला. पू निघाला, आणि त्याबरोबर गव्हाच्या दाण्याएवढं काळं टोक. मी पेनिसिलीनची सुई भरली. महिपती ते टोक तळहातावर घेऊन बघत बसला, आणि मग एकदम म्हणाला, "मीच म्हनलो हुतो उद्या काढू. जगंल का ओ पोरगी?"

"विष रक्तात पसरलं नसेल तर जगेल. ते गाठीनं किती अडवलंय ते दोन दिवसांत कळेल."

"गाठीनं? गाठ अडिवती?"

इथून पुढे जे झालं ते आठवलं की मला आजही स्वस्थ बसवत नाही! डॉक्टरांनी औषधाच्या पुडीचा कागद घेतला आणि त्यावर हाताचं चित्र काढलं. म्हणाले, रक्त नळ्यांतून वाहतं, त्यातलं पाणी अंगात झिरपतं. बरंचसं परत नळ्यांत जातं, पण थोडं बाहेरच उरतं...

"आन् अंग चिबडतं!" महिपती ओरडला. "मग चर पायजे!"

"आहेत की! सगळ्या अंगभर केसासारखे बारीक चर आहेत. त्यातल्या पाण्याला पुस्तकात लसिका म्हणतात."

"उतार? हात तर खाली लोंबतो. पानी चढाला कसं जातं?"

डॉक्टरांनी टेबलावर थापच मारली. "आतून झडपा आहेत, पाणी मागे येऊ देत नाहीत. आणि आपण हललो की स्नायू त्या चरांना पिळतात. म्हणून पाणी चढतं. गळ्याच्या खाली एका मोठ्या शिरेत जाऊन ते परत रक्ताला मिळतं."

"आमचा चर ओढ्याला, ओढा नीरेला!"

"आणि वाटेत चौक्या. काखेत, जांघेत, मानेत. प्रत्येक चौकीत पांढऱ्या पेशी बसलेल्या. काट्याबरोबर आलेले जंतू चरातून वाहत आले की त्या अडवतात, मारतात. लढाई पेटली की पेशी वाढतात आणि चौकी सुजते. ती सूज म्हणजेच तुमचं अवधाण."

महिपतीने पोरीच्या काखेतल्या गाठीवर अलगद हात ठेवला. "म्हंजे पोरीच्या बाजूनं लढत हुती ती गाठ," तो म्हणाला, "आन् आमी तिलाच जाळनार हुतो." आणि तो गडी आमच्या सगळ्या पेशंटांसमोर हुंदके देऊन रडला. मी औषधाच्या बाटल्या पुसत बसलो, कारण मलाही आवरेना.

दोन दिवस तो व्हरांड्यातून हलला नाही. दर तासाला येऊन पोरीच्या हातावरची रेघ बोटाने मोजायचा. पहिल्या दिवशी ती होती तेवढीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो धावत आला आणि मला चक्क मिठी मारली. "उतरली! चार बोटं उतरली कंपोंडर!" ताप उतरला होता. पोरगी पेरू मागत होती.

पुढल्या वर्षी पंचमीला महिपतीने मला जेवायला बोलावलं. मी सायकल हाणत पणदऱ्याला गेलो, खरं तर द्वारकाबाईशी भांडायला. पुरणाची वाफवलेली दिंडं वाढली होती. इतक्यात नकोशी झोक्यावरून लंगडत आली, टाच हातात धरून. बाभळीचा काटा! आम्ही बघतोय म्हटल्यावर तिने पाय मागे लपवला. "आज न्हाय काढायचा," ती स्वतःच म्हणाली. "पंचमी हाय."

महिपती हातातला घास टाकून उठला, पण म्हातारी त्याच्या आधी उठली होती. तिने कमरेची चंची सोडली, सुई काढली आणि पोरीचा पाय मांडीवर ओढला.

"नागोबाला काय सांगायचं ते मी सांगीन. हलू नगं माझे बाय."

महिपतीने टाच धरली. म्हातारीने सुईने काटा उकरून काढला. मग तिने तो काटा माझ्यापुढे धरला. भांडायला म्हणून जमवलेलं सगळं मी विसरून गेलो.

"माझी नजर गेलीया कंपोंडर. नीट बघा, टोक हाय का?"

मी उन्हात धरून पाहिलं. टोक होतं.