उजवी कळी

पाहुण्यांचा चहा संपत आला की माझी मुलं एकमेकांकडे बघून म्हणतात, "आता आई कौल सांगणार." सांगते की! एका मुलीची शाळा कशी वाचली त्याची ती हकिकत आहे. ती मी वाचवली नाही, एवढंच काय ते हकिकतीत उणं.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत, मुलांना मदत करणाऱ्या एका संस्थेत शिक्षण अधिकारी होते. हुद्दा भारदस्त, वाहन एस.टी., आणि एस.टी.चा रस्ता संपला की पायातल्या चपला. संस्था गावोगावच्या मुलांना फी, पुस्तकं, गणवेश पुरवायची. मुलं शाळेत टिकतात की नाही ते मी बघायचं.

पावस गावाच्या आतल्या अंगाला एका वाडीत आमच्या संस्थेच्या यादीतली एक मुलगी सातवी पास झाली. गावची शाळा तिथेच संपत होती. आठवीसाठी कातळावरून तासभर चालत जायचं. तिचे वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरातला शब्द मोठ्या काकांचा. त्यांनी ठरवून टाकलं होतं की पोरीला मुंबईला नातेवाइकांकडे मूल सांभाळायला धाडायची. शाळेत नाव घालायला दोन दिवस उरले होते.

"एकटी पोर कातळावरनं जायाची. काय झाला तर तुमी धावत येणार काय रत्नागिरीसून?" काका म्हणाले.

"अहो, मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व—"

"ता मागल्या खेपेला सांगून झाला."

मी पिशवीतून संस्थेचं पत्रक काढलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. तेवढ्यात दाराआडून मुलीची आई म्हणाली, "भावजी, देवाला इचारूया. कौल लावू."

काका लगेच तयार. बिघडले मात्र मी. "वहिनी, अहो हे विज्ञानाचं युग आहे," असं सुरू केलं, तर त्या बाईने माझ्या हातात कोकम सरबताचा पेला कोंबला. "बाय, तुमी सरबत प्या."

देवळात गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना एकेक ओली कळी चिकटवली. उजवी पडली तर शाळा, डावी पडली तर मुंबई. गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा!" काका ओरडले. मुलगी खांबाला टेकून उभी होती, नखाने खांबाचा रंग खरवडत.

आणि कळ्या हलेनात. मग डावी कळी जराशी घसरली.

विज्ञानाच्या युगातली शिक्षण अधिकारी मनातल्या मनात पुटपुटायला लागली, 'देवा, एक नारळ देईन.' कळी आणखी घसरली. 'पाच देईन!'

टप्प. उजवी!

"पडली!" देवळात सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल, ते सांगायला नकोच. मी तिथेच पायरीवर बसले. इतकं हलकं मला स्वतःच्या बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. मुलगी आईच्या पदरात तोंड लपवून हसत होती.

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "बाय, तुमी कदीपासनं देव मानायला लागलात?"

पण शब्दाचा माणूस. "देवान् सांगितलान, म्हंजे संपला," म्हणून ते उद्याच दाखला काढायला तयार झाले.

निघताना विहिरीवर गुरव हात धूत होता. "बरा झाला," तो म्हणाला. "माजी नात पण औंदा आठवीला. तिला सोबत नव्हती, हाच घोर होता."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"असा काय बगताव? कळी देवान् पाडलीन."

मी वळून मुलीच्या आईकडे बघितलं. ती अगदी मन लावून पदर सारखा करत होती.

अहवालात एक रकाना असायचा, 'पालकांच्या विरोधावर केलेले उपाय'. बराच वेळ पेन चावून मी लिहिलं, 'पालकांशी सविस्तर चर्चा केली.' साहेबांनी समासात 'उत्तम' असा शेरा मारला. तो मी निमूटपणे पचवला.

पुढच्या खेपेला, देवाला बोललेले पाच नारळ घेऊन गेले. कातळावर आमची मुलगी आणि गुरवाची नात समोरून येताना दिसल्या, शाळा सुटून, खांद्याला दप्तरं, बडबड चालू. माझी पिशवी आमच्या मुलीने ओढूनच घेतली.

"बाय, एवढे नारळ कशाला ओ?"

"ऑफिसचं काम आहे," मी म्हटलं, आणि त्यांच्या मागून देवळाकडे चालायला लागले.