गाऱ्हाण्यातला होकार

माझा नवरा बोलताना अडखळतो. चारचौघांच्या भाषेत तोतरा. ‘प’ आला की ओठ मिटून बसतात, ‘म’ आला की मान वर जाते आणि डोळे घट्ट मिटतात. स्वतःचं नाव तर त्याला धड कधीच सांगता आलं नाही. आम्ही दोघं एकाच वाडीतले, शाळेपासून एकमेकांना अरे-तुरे करणारे. अठ्ठ्याण्णव साली लग्न झालं तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, बरं झालं, भांडणात तूच जिंकणार. मी जिंकत आलेही. पण मी त्याच्याशी लग्न केलं ते त्याचा आवाज ऐकून, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

तो आवाज मी देवळात ऐकला होता. आमच्या किनाऱ्यावर देवाशी एकट्याने बोलायची फारशी रीत नाही. एक जण देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय हवं-नको ते देवाच्या कानावर घालतो, आणि त्याचं प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे एका दमात म्हणतात, “व्हय म्हाराजा.” जाळी पहिल्यांदा पाण्यात सोडताना गाऱ्हाणं, लग्नाच्या आधी गाऱ्हाणं, पोरांच्या क्रिकेटच्या सामन्याआधीही गाऱ्हाणं. त्या घोळक्यात माझा हा, एरवी ‘पाणी’ म्हणताना घामाघूम होणारा, सगळ्यांत स्वच्छ आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणायचा. एकदाही अडखळायचा नाही. तो आवाज ओळखायला मला मान वळवून बघावं लागत नसे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिकडे उत्तरेत डोंगरात लढाई चालली होती. शाळेत नकाशा भरून भरून माझी बोटं दुखली होती, पण देश म्हणजे काय हे मला खरं समजलं ते त्या वर्षी देवळात. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे आजोबा कधी बांद्याच्या बाजारापलीकडे गेलेले नव्हते. पाऊस, मासळी, गुरंढोरं झाल्यावर ते मधेच थांबले आणि म्हणाले, “थंय बर्फात जी पोरां उभी आसत, ती कोणाची काय आमका ठावक नाय, पण ती आमचीच आसत. त्यांका सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा.” आम्ही सगळे म्हणालो, “व्हय म्हाराजा.” कधी न पाहिलेल्या पोरांसाठी मी रडत होते आणि शेजारी माझ्या नवऱ्याचा आवाज खणखणीत लागला होता. आपण किती मोठ्या घरातले आहोत असं त्या दिवशी वाटलं.

मग दोन हजार आठचा नोव्हेंबर आला. मुंबईवर माणसं चालून आली ती समुद्राच्या वाटेने. आम्ही ते टीव्हीवर बघत होतो. समुद्र म्हणजे आमचं परसदार. त्याच दाराने कुणी आत शिरलं, आणि आता सगळा देश त्या दाराकडे, म्हणजे आमच्याकडे, बघू लागला. गस्तीच्या बोटी वाढल्या. किनाऱ्यावर सभा झाली. तेव्हाच्या पोलीस साहेबांनी सांगितलं, अनोळखी होडी दिसली की कळवा, समुद्रात अडवलं की नाव, गाव, होडीचा मालक, पटापट सांगा, उत्तर द्यायला जो चाचरेल त्याच्यावर संशय घेतला जाईल. चाचरेल हा शब्द ऐकला आणि मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वाळूकडे बघत होता.

तेव्हापासून माझी झोप गेली. बाजारात मासे विकताना हात चालायचे आणि डोळे बंदराकडे. गिऱ्हाईक बांगड्यांचा भाव विचारायचं आणि मी भलत्याच माशाचा सांगायचे. घरी मी त्याला सराव द्यायला लागले. “तुझा नाव काय? गाव खंय?” मी पोलीस व्हायचे आणि दरडावून विचारायचे. जितकं दरडावायचे तितका तो जास्त अडकायचा. नाव भजनाच्या चालीत म्हणून बघ म्हटलं, तर चाल यायची, नाव यायचं नाही. शेवटी मी म्हटलं, “गळ्यात पाटी अडकव, नाव लिवलेली.” तो तसाच उठून बाहेर गेला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे रागावणं ओळखायला जरा वेळ लागतो, पण मला कळलं.

एक आधार होता. होडीवर त्याच्या सोबत त्याचा चुलतभाऊ असायचा आणि तो दोघांचं मिळून बोलायचा. नेमका पुढच्या हिवाळ्यात तो चुलतभाऊ तापाने आडवा झाला आणि नवरा एकटाच समुद्रात गेला. मी जाऊ नको म्हणाले, पण घरात बसून जाळं भरत नाही. ओळखपत्रासाठी फोटो काढून नेले होते, ओळखपत्रं अजून आली नव्हती.

लिलावाची वेळ टळली तरी होडी दिसेना. मी टोपली खाली ठेवून पाण्याच्या काठाला उभी राहिले. शेजारच्या होडीवाला लांबूनच हात हलवत आला. “तुझ्या घोवाक गस्तीच्या बोटीन धरून नेल्यानी,” तो म्हणाला. “कित्याक?” मी विचारलं. त्याने माझ्याकडे न बघता दोर आवळला. “काय इचारला तरी व्हय म्हणता तो. सगळ्याक व्हय.”

बंदरावरच्या चौकीत पोचेपर्यंत माझ्या पायातली चप्पल कुठे गेली ते आजही मला ठाऊक नाही. आत घाटावरून बदलून आलेले साहेब बसले होते. तरुणच होते, डोळे झोप न झाल्यासारखे लाल. भिंतीपाशी चार-पाच शिपाई उभे होते, सगळे आमच्याच जिल्ह्यातले, एकाची आई तर माझ्या शेजारी बसून सुंगटं, म्हणजे कोलंबी, विकते. मी आत आले तशी त्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. तेव्हा मला खरी भीती वाटली. ओळखीच्या माणसाने ओळख न दाखवणं म्हणजे काय ते त्या दिवसांत सगळ्यांना समजत होतं. कुणासाठी शब्द टाकायचा म्हणजे आपलीही चौकशी ओढवून घ्यायची.

मागच्या खोलीचं दार बाहेरून लावलेलं होतं.

साहेब म्हणाले, “बाई, तुमच्या नवऱ्याला बोटीवरच्या लोकांनी हिंदीत विचारलं, बाहेरून आलास का? हो म्हणाला. कुणी पाठवलं का? हो. आणखी माणसं मागे आहेत का? हो. इथे मी मराठीत विचारलं तरी तेच. आणि प्रत्येक वेळी वर ‘महाराजा’ म्हणतो. हा महाराजा कोण आहे?”

एरवी मला हसू आलं असतं. मी चौकीतल्या शुद्ध मराठीत सांगायला गेले. साहेब, तो तोतरा आहे. त्याच्या तोंडून न अडखळता फक्त दोनच शब्द निघतात, देवळातले. साहेबांनी ऐकून घेतलं. “नवऱ्याला सोडवायला बायको काहीही सांगेल,” ते म्हणाले. ते उद्धटपणे म्हणाले नाहीत, थकून म्हणाले. “संध्याकाळी ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्य कचेरीत पाठवतोय. तिथले बघतील.”

ओरोसचं नाव ऐकलं आणि मला दिसलं, तिथेही टेबलापलीकडून कुणी विचारणार आणि हा व्हय म्हणणार. त्याच्या पुढेही कुठे नेतील, तिथेही व्हय. तो व्हय म्हणत म्हणत माझ्यापासून लांब लांब जाणार. मी शिपायांकडे पाहिलं. “तुमी तरी सांगा रे,” मी म्हटलं. सुंगटंवालीचा मुलगा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

तेव्हा मी जे केलं ते आमच्या वाडीतल्या कुठल्याच बाईने केलं नसेल. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, तेही मानाच्या पुरुषांनी. बाईने घातलं तर देव कोपतो असं मी ऐकत वाढले आणि मला त्याची भीतीही होती. मी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, आणि त्या म्हाताऱ्या आजोबांचा खालचा, लांबवलेला सूर आठवून सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या चौकीत तुझी जी लेकरां उभी आसत, खाकीतली आणि बिगर खाकीतली, त्यांच्यार नदर ठेव रे म्हाराजा.”

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. मग दाराशी उभा असलेला सगळ्यांत वयस्कर शिपाई, ओठ जेमतेम हलवत, म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

“ज्याची जीभ वाकडी, तां वाकडा तूच सरळ कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” या खेपेस सगळेच. सुंगटंवालीचा मुलगाही. आणि बंद दारामागून, सगळ्यांच्या वर, तो आवाज. स्वच्छ, एका दमात, कुठेही न अडलेला. तो आवाज ऐकला आणि माझं अवसान गळालं. पुढची वाक्यं मी रडत रडत घातली, काय घातली ते मला आठवत नाही, पण प्रत्येकावर ते सगळे व्हय म्हणाले.

साहेब खुर्चीत परत बसले. मग त्यांनी वयस्कर शिपायाला विचारलं, “तुम्ही का हो म्हणालात?”

“सवय, साहेब.”

“शेवटी त्यांनी काय मागितलं?”

शिपाई गोंधळला. “लक्ष नव्हतं, साहेब. सूर आला की तोंडातून निघतं.”

साहेबांना हसू यायला हवं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी आपल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं, जणू त्यांना आजच पाहत होते. मग सरपंचांना बोलावणं गेलं, वाडीतली माणसं आली, सह्या झाल्या आणि सूर्य बुडायच्या आत दार उघडलं. वाटेत मी नवऱ्याला विचारलं, “नाय म्हणूक काय झाला होता तुका?” तो खूप वेळ झगडला. “दु… दुसरो श… शब्द येय… येयना.”

वाडीत या गोष्टीचा तमाशा झाला. लोक हसायचे, मला ‘गावकार’, म्हणजे गाऱ्हाणं घालणारा मानकरी, म्हणून चिडवायचे, आणि मीही हसायचे. देव कोपला नाही. मला वाटलं, भीती संपली.

दोन हजार दहाच्या नव्या हंगामाला सगळे देवळात जमलो. त्या वर्षी मोठ्या बोटींवर लांबून आलेली खलाशी पोरं बरीच होती. कुणी नेपाळचं, कुणी आणखी कुठलं. बंदरावर स्वतःचं शिजवून खायची, आपसात त्यांच्या बोलीत बोलायची. ही नक्की कोण, इथे कशाला, असं काहीबाही वाडीत चाललेलं होतं. म्हातारे आजोबा गेले होते आणि गाऱ्हाणं घालायला दुसरे गृहस्थ उभे होते, भरदार आवाजाचे. पाऊस मागून झाला, मासळी झाली, पोराबाळांचं झालं. मग त्याच सुरात, जराही न थांबता, ते म्हणाले, “जे परक्या मुलखातसून इले आसत, ज्यांका आमची बोली कळना नाय, त्यांका ह्या किनाऱ्यार उभ्याक जागा गावूक नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

माझ्या तोंडून ते निघून गेल्यावर मला ते ऐकू आलं, परक्यांना इथे थारा मिळू नये. बर्फातल्या त्या पोरांसाठी जिथून निघालं होतं तिथूनच, त्याच सुरात. खलाशी पोरांपैकी दोघं देवळाच्या पायरीशी चपला काढून हात जोडून उभी होती. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. सगळे म्हणाले म्हणून त्यांनीही मान हलवली.

आणि तेव्हा माझ्या शेजारी काहीतरी वेगळंच ऐकू आलं.

“व्… व्… व्…”

नवऱ्याची मान वर गेली होती, डोळे घट्ट मिटले होते. सगळा घोळका म्हणून गप्प झाला तरी तो त्याच अक्षरावर अडकलेला होता. पुढच्यांनी माना वळवल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी हसलं नाही, त्याच्याकडे बघत राहिलं, चौकीत साहेब आधी माझ्याकडे बघत होते तसं, संशयाने. मी त्याचा हात धरला. तो घामाने ओला होता. बारा वर्षं मी देवाकडे एकच मागत आले होते, की ह्याची जीभ सुटू दे. त्या दिवशी मी मनातल्या मनात म्हटलं, राहू दे अडकलेली. मला भीती आता त्याच्या जिभेची वाटत नव्हती. माझी जीभ किती सहज सुटली होती, याची वाटत होती.