नातीचा स्टॉप

नातीला नववीत घालायचं होतं. तिची आधीची शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला, पण ती आठवीपर्यंतच. पुढे दोन शाळा होत्या. एक इथेच, इंदूरच्या आमच्या जुनी इंदूर भागात, घरापासून पाच मिनिटांवर. तिथली विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. दुसरी तुकोगंजच्या बाजूची, मोठी. तिथली प्रवेश परीक्षा पोरीने स्वतः अभ्यास करून दिली आणि तिचं नाव यादीत आलं. पण तिथे जायला सकाळी साडेसहाची सिटी बस, आणि बसमध्ये एकटी.

शाळेची गाडी आमच्या बाजूला येत नाही. व्हॅनवाला म्हणाला, एका मुलीसाठी एवढा फेरा परवडत नाही. माझा मुलगा पीथमपूरला कारखान्यात जातो, त्याची कंपनीची बस सहाला. सून दवाखान्यात काउंटरवर बसते, तिचा दवाखाना उलट दिशेला आणि तिची ड्यूटी सातला. म्हणजे सोडायला कोणी नाही.

मुलाने सांगून टाकलं, "शाळा उघडायच्या आत ही एकटी जायला शिकली तर तुकोगंज. नाही तर घराजवळची."

घराजवळच्या शाळेने शनिवारपर्यंत जागा धरून ठेवली होती. त्यांचा फॉर्म भरून, फोटो चिकटवून टीव्हीच्या खाली ठेवलेला होता. फक्त सही बाकी. पोरगी टीव्ही बघायची तेव्हा तिची नजर त्या फॉर्मवर जायची, हे मी पाहिलं होतं.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. पाचवीचा वर्ग नाल्यापलीकडच्या शाळेत होता आणि न्यायला-आणायला कोणी नव्हतं. वडील मिलमध्ये पाळीवर, आई सतत बाळंतीण. मी घरी राहिले. त्याचं मला आता काही वाटत नाही, पण "सोडायला कोणी नाही" हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे.

मुलाने आपल्या परीने तयारी करून घेतली. मोबाइलवर नकाशा उघडून रस्ता दाखवला, निळी रेघ कुठून कुठे जाते ते. पोरगी म्हणाली, "हां पापा, समझ गई." कोणाशी बोलायचं नाही. "हां पापा." बॅग पुढे घ्यायची. "हां पापा." प्रत्येक गोष्टीला हो. मला तेव्हाच शंका आली. मूल असं धडाधड हो म्हणतं तेव्हा ते शिकत नसतं, सांगणारा कधी थांबतो याची वाट बघत असतं.

फोन देता येत नव्हता, कारण नव्या शाळेत फोन नेला तर जप्त करतात. मुलगा म्हणाला, सराव करायचा तो शाळेसारखाच, फोनशिवाय. मग सून माझ्याकडे वळली.

"आई, तुम्ही जाल का हिच्याबरोबर? सात-आठ दिवस. तुम्ही नुसत्या बसमध्ये बसा, बोलू नका."

मी त्या बसमध्ये जन्मात एकटी बसले नव्हते. हे मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पहिल्या दिवशी सून दवाखान्यातून दोन तासांची सुट्टी काढून आली. तिने कंडक्टरला शाळेचं नाव सांगून विनंती केली, "भिया, इनका स्टॉप आए तो बता देना." तो म्हणाला, "टेंशन मत लो दीदी." स्टॉप आल्यावर त्याने हाक मारली, आम्ही उतरलो, शाळेच्या फाटकापर्यंत गेलो, फाटकाला हात लावला आणि परत आलो. शाळा बंदच होती, आत फक्त एक चौकीदार खुर्चीवर बसून दात घासत होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघीच. माझा नियम साधा होता. मी पुढे बायकांच्या आडव्या सीटवर बसणार, ती मधल्या दाराजवळच्या दांडीला धरून उभी राहणार. ती मला ओळखत नाही, मी तिला ओळखत नाही.

"और कोई पूछे कि अम्मा साथ में है क्या?" तिने विचारलं.

"सांग, अशी कुठली अम्मा मला नाही."

"तू खरंच डेंजर आहेस आजी."

पहिला धरून सहा दिवस असे गेले. ती बरोबर स्टॉपवर उतरायची, मी तिच्या मागून. फाटकाला हात लावायची, परत यायची. कारखान्यातून मुलाचा फोन सव्वासातला यायचा. "पोचलात?" "पोचलो." रात्री जेवताना तो खुशीत असायचा. सुनेने नव्या शाळेच्या गणवेशाचा कपडा शिंप्याकडे टाकला. फॉर्म मात्र टीव्हीखालीच होता.

सातव्या दिवशी, गुरुवारी, बसमध्ये कंडक्टर दुसरा होता. सडपातळ, कानात तार घातलेला. तिकिटं फाडली आणि जाऊन ड्रायव्हरशी बोलत बसला. माझ्या लक्षात आलं नाही की यात काही फरक आहे.

बस चालली होती. मी पोरीकडे बघत होते, कारण माझी रीत अशी की तिने बॅग खांद्यावर नीट केली की मी पिशवी उचलायची. बाहेरच्या पाट्या वाचायला मला वेळ लागतो, अर्धी वाचेपर्यंत निघून जाते. बसमध्ये पुढे लाल अक्षरं धावतात ती इंग्रजी. म्हणून मी पोरीवर भरवसा ठेवला होता. तिने बॅग नीट केली नाही. मी बसून राहिले. एका ठिकाणी बस थांबली, चार माणसं उतरली, बस निघाली.

मग मी पोरीचा चेहरा पाहिला. तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे, सहा दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. मोठा चौक ओलांडून बस पुढच्या स्टॉपवर थांबली आणि पोरगी काही न बोलता, मागे न बघता खाली उतरली. तिला वाटलं मी येतेच आहे. मी उठेपर्यंत, पिशवी सोडवेपर्यंत दार बंद. ते दार आपोआप बंद होतं, हाताने उघडत नाही.

"रोको," मी म्हणाले. "मेरी पोती उतर गई."

"अम्मा, अब अगले पे ही रुकेगी."

"मैं बोल रही हूँ रोक."

"बीच रोड पे कैसे रोकूँ? आप बैठो, गिर जाओगी."

काचेतून ती मला दिसली. रस्त्याच्या कडेला उभी, बस गेली त्या दिशेला बघत. मग एक ट्रक आडवा आला आणि ती दिसेनाशी झाली.

पुढचा स्टॉप पुलापलीकडे होता. मी उतरले, रिक्षा केली आणि आधी ती उतरली तिथे गेले. ती तिथे नव्हती. तिथल्या पोहेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, सकाळपासून पन्नास पोरी गेल्या, कोणती सांगू. मग मी रिक्षावाल्याला शाळेचं नाव सांगितलं आणि फाटकाशी आले. चौकीदार म्हणाला, "आज तो कोई बच्ची नहीं आई, अम्मा. रोज वाली ना? नहीं आई."

मी फाटकाशी उभी राहिले. शोधायला निघाले तर ती इथे येईल आणि मी नसेन. उभी राहिले तर ती भलतीकडे जात असेल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि उभीच राहिले, कारण आम्ही दोघींनी सहा दिवस हाच एक दरवाजा शिकला होता. मी भिंतीला टेकले. देवाचं वगैरे नाव घेतलं नाही. मी रस्त्यावरचे निळे कुडते मोजत होते, कारण तिने निळा घातला होता. पाच मोजले, सगळे दुसऱ्यांचेच.

सव्वासातला फोन वाजला. मुलगा.

"पोचलात?"

"फाटकाशी उभी आहे," मी म्हणाले.

"छान. पाणी पी गं, ऊन होईल." त्याने ठेवला.

मी खोटं बोलले नव्हते. पण त्याने जे विचारलं होतं त्याचं उत्तरही दिलं नव्हतं, आणि एवढा फरक कळायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही.

आणखी वीस मिनिटं गेली. मी ठरवलं होतं, समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं की मुलाला परत फोन करायचा. शटर वर गेलं. मी फोन काढला. चष्मा पुसून बटण शोधत होते तेवढ्यात चौकीदार म्हणाला, "लो, आ गई आपकी."

ती पायी येत होती. केस चिकटलेले, चपलांवर धूळ. रडलेली होती, पण आता रडत नव्हती. फाटकाला तिने आधी हात लावला, मग माझ्याकडे आली.

"तू उठलीच नाहीस," ती म्हणाली.

"तू बॅग नीट केली नाहीस."

"मैं तो तुझे देख के बैग ठीक करती हूँ. तू पिशवी उचलतेस ना, तेव्हा."

"मी तुला बघून पिशवी उचलते."

 चौकीदार हसायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. सहा दिवस तो जुना कंडक्टर आमच्याजवळून जाताना सवयीने म्हणायचा, "स्कूल वाले." तो असं म्हणाला की लगेच आम्ही दोघी थोड्या हलायचो, आणि एकीचं हलणं बघून दुसरी निघायची. स्टॉप आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. एका माणसाच्या तोंडावर आमची सगळी तयारी उभी होती.

मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, कशी आलीस. आधी ती उलट दिशेला चालत गेली. झाडू मारणाऱ्या बाईला शाळेचं नाव विचारलं, ती म्हणाली, उलटी जा रही है बेटा. मग वळली. चौक ओलांडता येईना, एका म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने ओलांडला. "मग पेट्रोल पंप लागला, मग तो पिवळा दवाखाना, मग आपला स्टॉप आणि लगेच पिंपळ," ती म्हणाली. "आजी, आपला स्टॉप पिंपळाच्या नंतर लगेच आहे. घराकडून येताना आधी पिंपळ दिसतो. मी कधी बघितलाच नव्हता."

परत येताना ती बसच्या खिडकीतून एकेक खूण बघून पाठ करत होती. मग म्हणाली, "पापाको मत बताना. प्लीज. तो सही करेल."



रात्री मी ताटं वाढली आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून, माझं बसमध्ये एकटं न बसणंसुद्धा. पोरीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिला विकूनच टाकलं. सून भाकरी हातात धरून तशीच थांबली.

मुलगा म्हणाला, "आणि फोनवर काय बोललीस मला? फाटकाशी उभी आहे. वा."

"हो. ते चुकलं माझं."

"हिला काही झालं असतं तर?"

"तर मी आत्ता इथे वाढत बसले नसते."

"आई, चेष्टा करू नको."  त्याने ताट सरकवलं, उठला आणि टीव्हीखालचा फॉर्म काढला. "विषय संपला. पाच मिनिटांवर शाळा आहे, तिथेही मुली शिकतात."

 पोरगी आमटीत बोट फिरवत होती.

"पेन माझ्याकडे आहे," मी म्हणाले, "पण आधी ऐक. सहा दिवस ही माझ्याबरोबर शाळेत गेली. ते काही शिकणं नव्हतं. एकटी ती फक्त आज गेली. चुकली, विचारलं, वळली आणि पोचली. तू ज्याला भितोस ते सगळं आज होऊन गेलं."

"हे काय बोलणं झालं? म्हणजे हरवली म्हणून पास?"

"ती हरवली म्हणून नाही. पोचली म्हणून."

तो सुनेकडे बघायला लागला. ती म्हणेल तेच तो ऐकणार, हे आमच्या घरात नेहमीचं आहे. ती लेकीला म्हणाली, "आपल्या घरापासून निघालीस तर स्टॉपच्या आधी काय लागतं?"

"पिंपळ."

"त्याच्या आधी?"

पोरीने शाळेपासून घरापर्यंतच्या सगळ्या खुणा उलट्या सांगितल्या, मग सुलट्या. मोबाइलच्या नकाशाकडे न बघता.

"उद्या सुट्टी घ्या," सून नवऱ्याला म्हणाली. "उद्या ही एकटी जाईल. आई नाहीत, कोणी नाही. शनिवारी ठरवा."

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं स्टॉपवर होतो, मी, मुलगा आणि पोरगी; मुलाने स्कूटरही आणली होती. सून दवाखान्यात गेली होती, तिला सुट्टी मिळाली नाही. ठरलं असं की पोरीने फाटकाशी पोचून चौकीदाराच्या फोनवरून बापाला कळवायचं. नंबर तिने तळहातावर लिहिला होता, घामाने पुसेल म्हणून मनगटावरही. बस आली. ती चढली, दांडीला धरून उभी राहिली. आमच्याकडे बघितलं नाही. नियम तोच.

बस वळली आणि मुलाने हेल्मेट डोक्यात घातलं.

"कुठे?" मी विचारलं.

"नुसता मागे मागे जातो. तिला दिसणारही नाही."

स्कूटरची चावी त्याने अजून लावली नव्हती, हातात होती. मी ती घेतली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. पन्नाशीला आलेला माणूस आईच्या ब्लाउजमधून चावी काढू शकत नाही. तो शिव्या देऊ शकला असता, दिल्या नाहीत. आम्ही स्टॉपच्या लोखंडी बाकावर बसलो. तो हेल्मेट घालूनच बसला होता.

पंचवीस मिनिटं झाली. तीस झाली. तो म्हणाला, "आई, चावी दे." मी म्हणाले, "नाही." पस्तीस मिनिटांनी फोन वाजला, अनोळखी नंबर. असले नंबर तो कधी उचलत नाही, लोनवाले असतात म्हणतो. अंगठा सवयीने लाल बटणाकडे गेला.

"उचल," मी म्हणाले.

त्याने हेल्मेट काढून फोन कानाला लावला. मला पलीकडचं ऐकू येत होतं, पोरीचा आवाज मोठाच आहे.

"पापा, पोच गई. पिंपळानंतर लगेच. आजीला सांगा. आता मी समोरून परतीची बस पकडते."

"थांब, मी घ्यायला येतो," तो म्हणाला.

फोन बंद झाला होता. त्याने चावीसाठी माझ्यासमोर हात पसरला.

"ती येईपर्यंत नाही," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं तिथेच बसलो, तो रस्त्याकडे बघत आणि मी त्याच्या हाताकडे.