दत्तू आकाशपाळण्यात बसला तो दिवस

आमच्या तिघांचे किस्से सांगायला बसलं की चहाचे दोन राउंड होतात, आणि तरी कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो राहिला." तिघं म्हणजे मी, पांडू आणि दत्तू. काळाचौकीची एकच चाळ, गिरणीतलं एकच खातं. आज एका दिवसाचे तेवढे सांगतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं होतं, कधी कुठल्या नाक्यावर काय होईल नेम नव्हता. त्यात गिरगाव चौपाटीवर मोठं फनफेअर लागलं. दुकानं, खेळ, फोटो, आकाशपाळणा. गिरणीला सुट्टी होती, म्हणून जायचं ठरलं. आणि खोटं कशाला बोलू, मी घरातून निघतानाच घाबरलेला होतो.

*

निघताना माझ्या आयेनं तिघांच्याही खिशात एकेक कांदा घातला. "पोलिसांनी धूर सोडलानी तर फोडून नाकाशी धरा. आणि गर्दी दिसली की उलट्या पावली घरी या."

चौपाटीवर गर्दीशिवाय दुसरं होतंच काय! पहिल्याच भेळवाल्यापाशी पांडूनं खिशातला कांदा काढून पुढे केला. "भैया, ये भी काट के डालो."

"पांड्या, अश्रुधूर आला तर काय करशील?" मी म्हटलं.

"तुझ्यातला अर्धा देशील की."

मी त्यानंतर दिवसभर एक हात खिशातच ठेवला होता.

*

पुढे फुगे फोडायचं दुकान. महिन्याभरापूर्वी आमच्या नाक्यावर गोळीबार झाला होता, तेव्हा मी खाटेखाली तासभर बसून होतो. तो आवाज कानातून गेला नव्हता. कुणीतरी बंदूक चालवली, फट्ट झालं, आणि मी वाळूत पालथा.

डोळे उघडले तर दुकानदार माझ्यावर वाकलेला. "उठा भाऊ, फुगा होता."

पांडू शेजारी उकिडवा बसला आणि गंभीरपणे विचारतो, "लागला का रे कुठं फुगा?"

हसलो मी पण.

*

फोटोवाल्याकडे पडद्यावर विमान रंगवलेलं. पुढे स्टूल, त्यावर बसायचं, म्हणजे विमानातून चाललोय असा फोटो येतो. पांडू बसला, मी बसलो. दत्तू बसेना. दत्तू म्हणजे तालमीतला गडी, दोन पोती एकदम उचलणारा.

"अरे, स्टूल आहे. पाय जमिनीला लागतायत," मी म्हटलं.

"चित्रात तरी वर कशाला जायचं?" दत्तू म्हणाला.

पांडू पोट धरून हसला. मीही हसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. कारण पांडूला माहीत नव्हतं, मला होतं. दत्तूचे बाबा गावी नारळ पाडायला माडावर चढायचे. एके सकाळी वरून पडले ते गेलेच. नऊ वर्षांचा दत्तू तेव्हा खाली नारळ गोळा करत होता. तेव्हापासून तो चाळीच्या गॅलरीतसुद्धा भिंतीला धरून चालायचा.

*

संध्याकाळी मी आणि पांडू आकाशपाळण्यात बसलो. लाकडी, चार पाळण्यांचा, हातानं फिरवायचा. दत्तू खाली, आमच्या चपला सांभाळत. खेळ संपला, बाकीचे एकेक करून उतरले. आमचा पाळणा शेवटी वर राहिला होता. तेवढ्यात रस्त्याकडून आरडाओरडा आला. पळा, लॉऱ्या आल्या! पाळणेवाल्यानं चाक दोरानं खुंटीला बांधलं आणि तोही पळाला.

वरून सगळं दिसत होतं. पोलिसांच्या लॉऱ्या, वाळूत पळणारी माणसं, धुराचा पहिला लोट. अख्खी चौपाटी रिकामी होत होती आणि आम्ही दोघं आभाळात टांगलेले. पांडू ओरडला, "दत्तू, दोर सोड!"

"नुसता सोडला तर दोघं धाडकन आपटाल," दत्तू खालून म्हणाला. "समोरच्या पाळण्यात वजन पायजे."

समोरचा पाळणा म्हणजे सगळ्यात खालचा. आम्ही खाली आलो की तो वर जाणार. हे त्याला कळलं तसं मलाही कळलं. दत्तूनं एकदा वर बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्यानं दोर सोडला, चाकाला जोर देऊन ढकललं आणि स्वतः त्या पाळण्यात चढला.

आम्ही खाली येत होतो, तो वर जात होता. मध्ये एकदा आमची तोंडं समोरासमोर आली. त्याचे डोळे गच्च मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटत होते.

पाय वाळूला लागले. पांडूनं उडी टाकून पाळणा धरला, मीही धरला. सोडला असता तर दत्तू वरून आदळला असता. धूर जवळ येत होता, डोळे चुरचुरत होते. पहिल्यांदाच माझा हात खिशात नव्हता.

मी वर बघून ओरडलो, "दत्त्या, तुला हळूहळू खाली घेतो. डोळे मिटूनच ठेव!"

वरून त्याचा कापरा आवाज आला, "मिटून कसं चालेल? लॉऱ्या कुठं पोचल्या ते कोण बघणार?"